‘काका, तुम्ही वकील ना?’

अमिरातीत राहणाऱ्या कुठल्याही एलएल.बी. झालेल्या मराठी माणसाला हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. बहुतेकदा गणपतीची आरती झाल्यावर, प्रसादाची वाटी हातात असताना. ‘‘काका, तुम्ही वकील ना? जरा एक विचारायचं होतं...’’ मग घरभाड्याचा चेक, सुटलेली नोकरी, पुण्यातल्या फ्लॅटचं मुखत्यारपत्र, असं काहीतरी निघतं. आपण जमेल तेवढं सांगतो, उरलेलं ‘विचारून कळवतो’ म्हणतो आणि वाटी संपवतो.

तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न रात्री साडेनऊला फोनवर आला, आणि विचारणारीचा आवाज कापत होता. शारजात आमच्यापासून दोन इमारती पलीकडे राहणारं सांगली जिल्ह्यातलं कुटुंब. नवरा एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. वय त्रेचाळीस. दहा दिवसांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने गेला होता. पार्थिव गावी पाठवण्याचं काम मंडळाच्या कार्यकर्त्यांनी चोख केलं होतं. आपल्या लोकांना दुर्दैवाने त्याचा सराव झाला आहे. अडलं होतं ते त्यानंतरचं. पगाराचं खातं त्याच्या एकट्याच्या नावावर. मृत्यूची खबर लागताच बँकेने ते गोठवलं. भाडं, मुलांची फी, घरखर्च, सगळं त्याच खात्यातून चालायचं. मृत्युपत्र नव्हतं. वारस कोण, हे इथल्या न्यायालयाला कागदावर दाखवायचं होतं, आणि तो कागद भारतातून यायचा होता.

आता आपल्याकडची नावांची गंमत बघा. लग्नात तिचं नाव बदललेलं. पासपोर्टवर सासरचं नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं, आणि थोरल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं म्हणून पुन्हा तिसरंच काहीतरी. आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी. आपल्या घरात या तिन्ही बायका एकच आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. अरबीत भाषांतर करून न्यायालयात ठेवल्या की त्या तीन होतात.

मी इथल्या न्यायालयात उभा राहू शकत नाही. सांगलीच्या कोर्टाची पायरी तर वीस वर्षांत चढलो नव्हतो. त्या रात्री मला एवढंच सुचलं की आमच्या लॉ कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर एक ओळ टाकावी : ‘सांगली-मिरजेकडे कोण आहे?’ एरवी हा ग्रुप म्हणजे सुप्रभात, वाढदिवस आणि राजकारणावरून भांडणं. अर्ध्या तासात एकाचा फोन आला. कॉलेजात शेवटच्या बाकावर बसून झोपा काढणारा हा गडी आता सांगलीच्या कोर्टात दिवाणी दावे चालवतो. ‘‘कागद पाठव. फीचं बोलू नकोस,’’ एवढंच म्हणाला.

महाराष्ट्रात वारसाचा दाखला ज्या नियमाखाली न्यायालयातून मिळतो तो १८२७ सालचा आहे : मुंबई विनियम आठ. पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा हा नियम आजही चालतो. अर्ज, जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, मग दाखला. पाच महिन्यांनी तो हातात आला. अमिराती अपोस्टील करारात नसल्यामुळे दाखल्यावर आधी भारतात राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का लागतो. इथे आल्यावर इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि शेवटी अधिकृत अरबी भाषांतर. ती पळापळ मुंबईतल्या एका वर्गमैत्रिणीने केली. इकडचं टोक सांभाळलं आमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या एका मुलीने. ती दुबईत कायदेविषयक सल्लागार आहे. मला ती तोवर ओळखतही नव्हती. कॉलेजचं नाव सांगितल्यावर तिने फक्त विचारलं, ‘‘सर, टेकडीवर अजून जाता का पुण्याला गेलात की?’’ नवव्या महिन्यात पैसे मोकळे झाले.

माजी विद्यार्थी संघ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्नेहभोजन, सत्कार आणि भिंतीवरची देणगीदारांची पाटी येते. त्या नऊ महिन्यांत आमच्या कॉलेजच्या तीन-चार माणसांनी जे केलं त्यात यातलं काहीच नव्हतं. पण लॉ कॉलेजचा माजी विद्यार्थी म्हणजे काय, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

वकिलांनी चालवलेली कॉलेजं

आमचं कॉलेज म्हणजे पुण्याचं आयएलएस. इंडियन लॉ सोसायटी १९२३ साली स्थापन झाली आणि १९२४ साली कॉलेज सुरू झालं. पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे. हिंदू कायद्याचे मूळ संस्कृत ग्रंथ संपादित करून भाषांतरासह छापण्याचं प्रचंड काम या माणसाने केलं. ज्या रस्त्यावर कॉलेज आहे त्या रस्त्यालाच पुढे कॉलेजचं नाव पडलं. भारताचे तीन सरन्यायाधीश या कॉलेजचे विद्यार्थी : प्र. बा. गजेंद्रगडकर, यशवंतराव चंद्रचूड आणि ई. एस. वेंकटरामय्या. चंद्रचूड १९७८ ते १९८५ असे सात वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते. तेवढा काळ दुसरं कोणी राहिलेलं नाही. वेंकटरामय्या बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजचेही विद्यार्थी, त्यामुळे आपल्यातले बेळगावकर त्यांच्यावर हक्क सांगतात, आणि तो बरोबरच आहे.

मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज याहून जुनं, १८५५ सालचं. त्याची सुरुवात मला फार आवडते. सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश. ते इंग्लंडला परत जायला निघाले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी वर्गणी काढली, आणि त्यातून पुतळ्याऐवजी कायदा शिकवण्यासाठी एक प्राध्यापकपद उभं केलं. त्या ‘पेरी प्रोफेसर’च्या वर्गातून कॉलेज वाढलं. पुढे या कॉलेजात कोणी शिकवलं ते पाहा. दिनशा मुल्ला, ज्यांची पुस्तकं आजही प्रत्येक दिवाणी वकिलाच्या टेबलावर असतात. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जे १९३५ साली तिथे प्राचार्य झाले. नानी पालखीवाला, जे त्याच कॉलेजात शिकले आणि मग तिथे शिकवायला परत आले.

यातल्या बहुतेकांचा मुख्य उद्योग दुसरा होता. कोणी कोर्टात उभं राहायचं, कोणी ग्रंथ लिहायचं, कोणी चळवळ चालवायचं. त्यातून वेळ काढून ते वर्गावर यायचे. आपल्याकडची जुनी लॉ कॉलेजं अशीच चालली. आमच्या वेळीही सकाळी तास घेऊन साडेदहाला कोर्ट गाठणारे वकील शिकवायला असत. एकदा आमचे दिवाणी प्रक्रिया संहितेचे सर उशिरा आले, घामाघूम. स्कूटर बंद पडली होती म्हणून डेक्कनपासून चालत आले होते. मानधन किती मिळायचं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण त्यात नवी स्कूटर येण्यासारखी नव्हती हे उघड होतं.

म्हणजे जुन्यांनी नव्यांसाठी आपले तास द्यायचे, या एका सवयीवर ही कॉलेजं उभी राहिली. २०२४ मध्ये आयएलएसला शंभर वर्षं झाली. पुण्यात असलेल्यांनी ती साजरी केली, आम्ही इकडून फोटो पाहिले. तेव्हापासून मनात आहे की आखातात आलेल्यांनी ही सवय मोडायची का?

काळा कोट कपाटात

आपल्यातल्या अनेकांना वाटतं की लॉ शिकून दुबईत आलेल्याने शिक्षण फुकट घालवलं. वरवर पाहता ते खरं आहे. इथल्या नेहमीच्या न्यायालयांचं कामकाज अरबीतून चालतं आणि तिथे उभे राहतात ते मुख्यतः स्थानिक वकील. भारतातून आलेला वकील इथे नोंदणी करून सल्लागार म्हणून काम करतो : करार लिहितो, बँकेत किंवा बांधकाम कंपनीत बसतो, वादाची तयारी करून फाइल स्थानिक वकिलाच्या हाती देतो. माझा कोट घडी घालून कपाटात आहे. बायको दर दिवाळीला आवराआवर करताना विचारते, ‘‘हा टाकायचा का?’’ मी नाही म्हणतो.

पण याच शहरात दुसरंही जग आहे. २००४ साली दुबईत आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र, म्हणजे डीआयएफसी उभं राहिलं. त्याची न्यायालयं इंग्रजीतून चालतात आणि कॉमन लॉ पद्धतीने. अबुधाबीच्या ग्लोबल मार्केटमध्ये तर इंग्लंडचा कॉमन लॉ थेट लागू आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच मुशीतून आलेला. त्यामुळे पुण्या-नागपुरात करार आणि टॉर्ट्स मन लावून शिकलेल्या मुलाला इथले निकाल वाचताना ओळखीच्या गल्लीत आल्यासारखं वाटतं. लवादाचंही तसंच. अमिराती २००६ साली न्यूयॉर्क करारात सामील झाली, २०१८ साली इथे स्वतंत्र लवाद कायदा आला, आणि भारतीय कंपन्यांचे कितीतरी वाद आता इथे चालतात.

शिवाय दोन देशांमधलं अंतरही कमी झालं आहे. १७ जानेवारी २०२० रोजी भारत सरकारने एक अधिसूचना काढली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अमिरातीला परस्पर अंमलबजावणीचा देश म्हणून मान्यता दिली. अर्थ साधा आहे. दुबई, अबुधाबी किंवा शारजातल्या न्यायालयाने पैशाचा हुकूमनामा दिला, तर तो आता आपल्या जिल्हा न्यायालयात तिथल्याच हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. इथे कर्ज थकवून रातोरात विमान पकडलं की सुटलो, ही समजूत आपल्याकडे बरीच वर्षं होती. आता कोल्हापूरच्या घरापर्यंत ते कागद पोचू शकतात.

हे सगळं कॉलेजातल्या मुलांना सांगणारा माणूस कोण? पुस्तकात कलम असतं. ते कलम इथे बँकेच्या टेबलावर कसं वापरलं जातं, हे आमच्यासारख्याने पाहिलेलं असतं.

चारशेवीसचं काय झालं?

म्हणून गेल्या वर्षी आम्ही सहा-सात जणांनी मिळून एक साधी गोष्ट सुरू केली. वेगवेगळ्या कॉलेजांतले आम्ही, पुण्याचे, मुंबईचे, एक नागपूरची आणि एक पणजीजवळच्या मिरामारचा. महिन्यातून एका शनिवारी, भारतात दुपार असताना, कॅमेऱ्यासमोर बसून दीड तास विद्यार्थ्यांशी बोलायचं. विषय आपापल्या कामातला. भाषण कमी, प्रश्न जास्त.

दुसऱ्याच शनिवारी माझी फजिती झाली. फसवणुकीच्या एका प्रकरणाबद्दल बोलताना मी सवयीने ‘कलम चारशेवीस’ म्हणालो. एका मुलीने नम्रपणे हात वर केला. ‘‘सर, आता ते तीनशे अठरा.’’ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे हे मला माहीत होतंच. पण माहीत असणं आणि जिभेवर असणं यात फरक आहे. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. आमच्या पिढीला आकडे पाठ, आणि आकडेच बदलले. त्यानंतर दर बैठकीत पहिली पंधरा मिनिटं विद्यार्थी आम्हाला शिकवतात, असं ठरून गेलं. मला तर तीच पंधरा मिनिटं सर्वांत आवडतात.

त्या मुलांमधली बरीच छोट्या गावांतून आलेली आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या मुलांकडे मोठ्या कंपन्या स्वतःहून येतात. जुन्या कॉलेजातल्या मुलाला अर्ज कुठे करायचा इथपासून अडचण असते. एका मुलाने विचारलं, ‘‘सर, इंटर्नशिपसाठी पत्र इंग्रजीत लिहितो, पण समोरचा उत्तरच देत नाही. काय चुकतं?’’ आमच्यातल्या एकीने त्याचं पत्र ओळीनओळ दुरुस्त करून दिलं. तिला वीस मिनिटं लागली. त्याला दोन महिन्यांनी जागा मिळाली. यात आमचं श्रेय किती, कोण जाणे. पण पत्राला उत्तर आलं एवढं खरं.

पैसे द्यायचे असतील तर

लगेच कोणीतरी म्हणतं, ‘‘काका, आपण वर्गणी काढू ना! ग्रंथालयाला देऊ.’’ भावना उत्तम. पण लॉच्या माजी विद्यार्थ्यांनी तरी कायदा आधी वाचावा. अमिरातीत परवाना असलेल्या संस्थांखेरीज कोणीही देणग्या गोळा करू शकत नाही. २०२१ चा संघीय कायदा याबाबत कडक आहे. मित्रांच्या ग्रुपवर खाते क्रमांक टाकून ‘यथाशक्ती पाठवा’ म्हणणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. तेव्हा मध्ये कोणी गोळा करणारा नको. ज्याला द्यायचं त्याने आपल्या खात्यातून थेट संस्थेला द्यावं.

भारतातलं टोकही समजून घ्यावं. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पैसे पाठवलेत, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड असेल, तर मात्र धरली जाते. मग त्या संस्थेची एफसीआरएखाली नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच गेले पाहिजेत. हे न पाहता पाठवलेले पाच हजार दिरहॅम कॉलेजच्या लेखापालाला महिनाभर झोपू देणार नाहीत.

आणि आपल्या माणसांसाठी

राज्यघटनेत १९७६ साली कलम ३९अ आलं : पैशाअभावी कोणाला न्याय नाकारला जाऊ नये. त्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला, आणि म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. दिवाळीच्या आगेमागेच येतो. त्याच कायद्यात लॉ कॉलेजांमध्ये कायदेविषयक मदत केंद्रं चालावीत असं म्हटलं आहे. कॉलेजात असताना आम्हीही खेड्यात जाऊन लोकांना सातबारा आणि पोटगी समजावून सांगितली होती. इथे तसं केंद्र काढता येणार नाही. परवान्याशिवाय कायदेविषयक सल्ला देणं इथे चालत नाही, आणि ते योग्यही आहे. पण कायद्यात काय लिहिलंय हे सांगणं, कोणत्या दारावर जायचं ते दाखवणं, आणि भारतातलं टोक सांभाळायला योग्य माणूस गाठून देणं, एवढं आपण नक्की करू शकतो.

त्या सांगलीच्या कुटुंबानंतर मी माझ्यापुरती एक यादी केली आहे. ‘तुम्ही वकील ना?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकवतो. इथेही ऐकवतो.

पहिलं, मृत्युपत्र. बिगरमुस्लिम रहिवाशांना डीआयएफसीत २०१५ पासून आणि अबुधाबीच्या न्याय विभागातही मृत्युपत्र नोंदवता येतं. लहान मुलांचा पालक कोण, हेही त्यात लिहिता येतं. मृत्युपत्र नसेल तर काय होतं ते नीट ऐका. बिगरमुस्लिमांसाठीचा २०२२ चा संघीय कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. त्याप्रमाणे निम्मं जोडीदाराला आणि निम्मं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. वारसांपैकी कोणी मायदेशाचा कायदा लावा म्हणालं तर गोष्ट वेगळी. आपल्या हिंदू वारसा कायद्यात पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने आईलाही वाटा आहे. इथल्या नियमात, मुलं असताना, गावाकडच्या आईला काहीच मिळत नाही. त्या घरात सासू-सुनेचं सूत होतं म्हणून प्रश्न उभा राहिला नाही. सगळीकडे असेलच असं नाही.

दुसरं, नाव. पती-पत्नी आणि मुलांच्या सर्व कागदांवरची नावं एका टेबलावर मांडून ताडून पाहा. फरक असेल तर आजच दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

तिसरं, मुखत्यारपत्र. इथल्या भारतीय दूतावासात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकीट भावाच्या कपाटात पडून राहतं आणि मुदत निघून जाते, हे मी अनेकदा पाहिलंय.

चौथं, नोकरीचा हिशेब. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला एकवीस दिवसांचं मूळ वेतन, पुढे तीस दिवसांचं. नोकरी संपल्यावर चौदा दिवसांत सगळे पैसे मिळायला हवेत. नाही मिळाले तर आधी मंत्रालयाकडे तक्रार. पन्नास हजार दिरहॅमपर्यंतचे वाद २०२४ पासून तिथेच निकाली निघू शकतात. आणि पासपोर्ट ठेवून घ्यायचा अधिकार मालकाला नाही.

ती बाई आता मुलांसह मिरजेत असते. थोरला मुलगा बारावीला आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता. लॉच्या पाच वर्षांच्या कोर्सची सीईटी द्यायची म्हणतोय, पुण्याला प्रवेश मिळाला तर बरं, असं त्याच्या मनात आहे. मी त्याला शनिवारच्या बैठकीची लिंक पाठवली आणि सांगलीच्या त्या शेवटच्या बाकावरच्या वकिलाचा नंबरही दिला. आपल्यातले आणखी कोणी लॉ शिकलेले असतील, कुठल्याही कॉलेजचे, तर महिन्यातला एक शनिवार राखून ठेवा आणि मंडळात माझी चौकशी करा. मुलांचे प्रश्न बरेच साठलेत आणि आम्ही फक्त सात जण आहोत.